बोटभर उंच आठवा भाग

संचाचा आठवा भाग ज्या दिवशी घरी आला, त्याच दिवशी नदीवरचा पूल सातव्या कमानीशी संपला. आदल्या दिवसापर्यंत पुलाला आठ कमानी होत्या आणि आठवी कमान बरोबर हसबनीस मास्तरांच्या अंगणासमोर उतरत होती. आता अंगणासमोर नुसतं पाणी होतं आणि तेही धड नव्हतं. सात कमानींखालून नदी नेहमीसारखी डावीकडे वाहत होती, आठवीच्या जागी मात्र ती खालून वर वाहत होती. पाण्याचा रुंद पट्टा तळातून उठायचा, कौलांच्या उंचीपर्यंत जायचा आणि तिथंच कुठंतरी संपायचा. त्यात होडी घातली तर होडी वर जाणार, पलीकडे नाही, एवढं कोणालाही कळत होतं.

मास्तरांच्या पत्नी कालिंदीबाई त्या वेळी पलीकडच्या पेठेत मिक्सर दुरुस्त करून घ्यायला गेल्या होत्या. परत येताना त्या सातव्या कमानीच्या टोकाशी थांबल्या, पुढं वाकून पाहिलं, आणि मिक्सरचं खोकं खाली ठेवून त्यावर बसल्या.

"अहो," त्यांनी हाक मारली, "पूल कुठं गेला?"

"बघतो," मास्तर अंगणातून म्हणाले.

"भात लावायचा राहिलाय. तेवढा लावून घ्या."

"घेतो."

हे हसबनीस मास्तर म्हणजे हायस्कुलात पी.टी. शिकवून निवृत्त झालेले पद्माकर हसबनीस. आमच्या गावातला एकही माणूस असा नाही, ज्याला त्यांनी कधी ना कधी उन्हात उंचीप्रमाणे उभं केलेलं नाही. वाकडं म्हणून काही त्यांना खपायचं नाही. लग्नाला गेले तर जेवायला बसण्याआधी पंगतीच्या टोकाशी उभे राहून, एक डोळा मिटून, पानांची रांग सरळ आहे का बघायचे. नसली तर वाढप्याची धडगत नसे, मग भले वरात दारात खोळंबो. असा माणूस डीव्हीडीचे संच जमवायला लागला, तर काय होणार हे सांगायला नको.

संच होता 'आठ कमानी' या मालिकेचा. नावाड्याची मुलगी गोदी भांडून घर सोडते, पूल ओलांडून जाते, आणि मग ती परत येते की नाही यावर ती मालिका टीव्हीवर वर्षानुवर्षं चालली. शेवटचा भाग लागायचा त्या संध्याकाळी अख्ख्या गावाची लाईट गेली. कालिंदीबाई काळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या होत्या. गोदीचं काय झालं हे गावात आजतागायत कोणाला ठाऊक नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना विचारलं, तर जो तो वेगळंच सांगतो.

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं तीच मालिका डीव्हीडीवर आणली, एकेक भाग सवडीनं. निळा डबा, कडेच्या पट्टीवर वरून खाली लिहिलेलं नाव, आणि नावाखाली चित्राचा एक तुकडा. प्रत्येक पट्टीवर एकच कमान. डबे ओळीनं उभे केले की कमानीला कमान जुळायची आणि पूल तयार व्हायचा. सातव्या भागापर्यंत सगळं जिथल्या तिथं होतं. आठव्यावर शेवटची कमान यायची होती आणि तिच्या टोकाला दिवा लागलेल्या खिडकीचं घर. मास्तरांनी सुताराला बोलावून पहिल्या डब्याच्या मापाची फळी करून घेतली होती. वर सूतभर जागा, खाली काही नाही.

सातही डब्यांवरचं पातळ प्लास्टिक मास्तरांनी कधी काढलं नव्हतं. संच जमवणाऱ्या मंडळींचा हा नेमच असतो. प्लास्टिक फाटलं की ती वस्तू वापरलेली झाली, संपलं.

"एकदा लावून बघूया की," कालिंदीबाई सुरुवातीला म्हणायच्या.

"संच पुरा झाला की बघू," मास्तर म्हणायचे.

मग कालिंदीबाईंनी विचारायचं सोडून दिलं. सोडून दिलं, हेही मास्तरांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी शब्द दिलेला होता आणि ते तो पाळणार होते.

आणि आठवा भाग आला तो लाल. शिवाय बोटभर उंच. कडेच्या पट्टीवरचं नाव खालून वर लिहिलेलं, म्हणजे सात डब्यांना मान उजवीकडे कलवायची आणि आठव्याला डावीकडे. चित्राचा पत्ता नाही. कमान नाही, घर नाही, खिडकी नाही. त्याऐवजी सोनेरी अक्षरांत 'विशेष आवृत्ती'. मास्तरांचा संताप झाला. एखादं पोर कवायतीच्या दिवशी लग्नातला कोट घालून यावं तसा तो डबा दिसत होता. तरीही आठवा तो आठवाच, त्याची जागा त्याला द्यायला हवी. मास्तरांनी वरच्या फळीचे खिळे उपटले, फळी काढली आणि लाल डबा सातव्याच्या शेजारी उभा केला. तेवढ्यात बाहेरून कालिंदीबाईंची हाक आली.

म्हणजे कारण शोधायला मास्तरांना फार लांब जावं लागलं नाही. अंगणातून त्यांनी एकदा पुलाकडे पाहिलं, आत येऊन एकदा फळीकडे पाहिलं, आणि झालं. कालिंदीबाईंनाही त्यांनी ते ओरडून सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी लाल डबा काढून ठेवून बघितला. तेव्हा आठव्याच्या जागी नदीही राहिली नाही. ती जागा इतकी मोकळी झाली की कालिंदीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि "ठेवा, ठेवा परत," असं ओरडल्या. मग मास्तरांना वाटलं, सातव्याखाली एक पट्टी सरकवून तो बोटभर वर घ्यावा. त्यांनी सातव्याला हात लावला मात्र, तिकडून किंकाळी आली.

"अहो! हलवू नका! माणसं आहेत इथं!"

मास्तर बाहेर धावले. सातवी कमान अजून थरथरत होती. कालिंदीबाई मिक्सरचं खोकं कवटाळून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे दूधवाला सायकल आडवी टाकून कठड्याला धरून उभा होता. कॅनमधलं दूध पुलावर सांडलं होतं आणि नीट, सरळ रेषेत वाहत होतं.

"त्या सातांना हात लावायचा नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "जे काय करायचं ते आठव्याचं करा."

"तू उलटी जा. वडगावच्या पुलावरून एसटीनं ये," संध्याकाळी मास्तर म्हणाले.

"जाऊन आले. एसटी फिरून फिरून मला इथंच सोडते. कंडक्टर म्हणतो, तिकीट इथलंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून घराची पाळी आली. घरातलं जे जे आठवं होतं ते ते लाल आणि बोटभर उंच व्हायला लागलं. आधी खिडकीचा आठवा गज, मग जिन्याची आठवी पायरी, मग मांडणीवरच्या डब्यांच्या रांगेतला आठवा डबा, ज्यात कालिंदीबाई हिंग ठेवायच्या. आठव्या पायरीला मास्तर दर वेळी ठेचकाळायचे आणि दर वेळी तिला रागवायचे. पण आळीतलं आठवं घर मास्तरांचंच होतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. सकाळी दार उघडलं, तर भिंती लाल झाल्या होत्या आणि उंबरा अंगणापासून बोटभर वर गेला होता. पुढच्या सकाळी आणखी बोटभर. रांगोळी काढायला शेजारच्या बायका यायच्या, त्या आता हात वर करून उंबऱ्यावर हळदकुंकू ठेवायच्या.

"कंपनी बदलली असेल," शेजारी समजुतीनं म्हणायचे. "नवीन माणसं आली की असं होतंच."

"होतं कसं?" मास्तर गरजायचे. "सात भाग एका मापाचे काढता आले ना? मग आठव्याला काय धाड भरली?"

पलीकडे कालिंदीबाईंना पेठेतली मंडळी चहा आणून देत होती. एकीनं गोधडी दिली. त्या कुरकुर करायच्या नाहीत, पण संध्याकाळ झाली की त्यांचं बोलणं कमी व्हायचं. घराच्या खिडकीकडे बघत बसायच्या. मास्तर तिथं कंदील लावून ठेवायचे, आणि घर जसं वर चाललं होतं तसा तोही वर चालला होता.

"अहो," एकदा त्या म्हणाल्या, "पूल झाला तरी मला त्या दाराशी चढता येईल का आता?"

  मास्तरांनी आत जाऊन शर्टाला इस्त्री केली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि निघाले.

आधी ते एसटी स्टँडजवळ रशीदभाई तांबोळींकडे गेले. संचाचे सगळे भाग रशीदभाईंनीच मागवून दिले होते. एकेकाळी त्यांच्या दुकानात फक्त डीव्हीडी असायच्या, आता मोबाईलची कव्हरं लटकलेली असतात.

"सर, हे असंच आलंय," रशीदभाई म्हणाले. "मी काय करू? सगळ्यांचं असंच आलंय. कराडच्या एका गिऱ्हाइकाचा तर जिना गेला."

"बदलून दे."

"बदलून दिलं तरी लालच येणार की. सर, एक विचारू? आतलं बघितलंत का?"

"आतलं?"

"उघडून."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की रशीदभाईंचा हात आपोआप विजारीच्या शिवणीला लागला. शाळेत ते मास्तरांच्या हाताखाली होते.

"पत्ता दे कंपनीचा," मास्तर म्हणाले.

कंपनीचं ऑफिस पुण्यात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. आत लांबलचक बोळ होता आणि मास्तर जसजसे चालत होते तसतसा तो बोळ आणखी लांबत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दारं होती, पण एकही दार दुसऱ्याच्या मापाचं नव्हतं. एकाची कडी वर, एकाची खाली, एकावर नाव आडवं, एकावर उभं. मास्तरांचा जीव कासावीस झाला, तरी ते थांबले नाहीत. डावा, उजवा, डावा, उजवा, असं मनात म्हणत त्यांनी पावलं टाकली. पावलं सारखी पडायला लागल्यावर बोळ वाढायचा थांबला आणि समोर डिझाईन विभाग आला.

टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. पाटीवर 'प्रमुख' एवढंच लिहिलेलं होतं.

"तुमच्या आठव्या भागामुळं माझी पत्नी पुलावर अडकलीय," मास्तर म्हणाले. "पहिला भाग निळा होता. दुसरा निळा होता."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पिशवीतून तिसऱ्या भागाचं मोजमाप लिहिलेली चिठ्ठी काढली आणि वर पाहिलं. खुर्चीत आता एक गोरा मुलगा बसला होता. पाटी तीच होती.

"आधीच्या बाई कुठं गेल्या?"

"त्या सोडून गेल्या. मी त्यांच्या जागी आलोय. बोला, काय तक्रार आहे?"

"तुमच्या आठव्या भागामुळं माझी पत्नी पुलावर अडकलीय. पहिला भाग निळा होता."

"हो का?" खुर्चीतल्या चष्मेवाल्या गृहस्थानं विचारलं. मुलगा गेला होता.

प्रत्येक वाक्याला माणूस बदलत होता. जो येई तो अदबीनं बोलायचा, पाणी विचारायचा, आणि मास्तरांची तक्रार अर्ध्यात आली की उठून मागच्या कपाटाआड जायचा. दुसऱ्या कोणी डोकं आपटून घेतलं असतं. मास्तरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि शिट्टी फुंकली.

"कपाटामागचे सगळे बाहेर! उंचीप्रमाणे एका रांगेत, उभे राहा!"

कपाटामागून एकेक करून सगळे बाहेर आले. पहिल्या बाई, गोरा मुलगा, चष्मेवाले, आणखी कोणकोण. थोडी ढकलाढकली झाली, पण रांग झाली. सात जण अगदी एका उंचीचे निघाले. आठवी एक मुलगी होती. बाकीच्यांहून बोटभर उंच, अंगात लाल कुडता, आणि कुडत्याची बटणं खालून वर लावलेली.

मास्तर तिच्यासमोर जाऊन थांबले.

"आठवा भाग तू केलास?"

"हो सर."

"आधीचे सात कसे होते?"

"मी ते बघितले नव्हते, सर."

"का?"

"कोणी दाखवले नाहीत. मला सांगितलं, काहीतरी नवीन कर."

इतकी वर्षं पोरांकडून ऐकलेल्या सबबींत हिच्याइतकं खरं मास्तरांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांचा राग ओसरला असं नाही, पण तो कोणावर काढायचा ते त्यांना समजेना.

"मग जाहिरात बघूनच लोकांची पत्रं आली," मुलगी हळूच म्हणाली. "म्हणून आम्ही आतल्या बाजूला जुनं चित्र छापलंय. कव्हर बाहेर काढायचं, उलटं करायचं आणि परत घालायचं. की झालं निळं."

"कमान आहे?"

"आहे."

"घर? खिडकी?"

"दिवा लागलेली आहे, सर. उंची मात्र तेवढीच राहील. डबा आमच्याकडं आता त्याच मापाचा येतो."

"आणि हे उघडल्याशिवाय करायचं कसं?"

रांगेतले आठही जण एकमेकांकडे बघायला लागले.

"उघडल्याशिवाय कसं होईल?" मुलगी म्हणाली. "सर, तुम्ही उघडलंच नाही का?"

मास्तरांनी विश्राम दिला आणि ते परत फिरले. या खेपेला बोळ अगदी आखूड होता.

ते गावी पोचले तेव्हा उंबरा त्यांच्या छातीच्याही वर गेला होता. घर लाल, ताठ आणि आजूबाजूच्या घरांत कुठंच न बसणारं असं उभं होतं. आळीतली बाकीची घरं दोन्ही बाजूंनी त्याला चिकटून आली होती, त्यामुळं मधून जायची वाट जेमतेम अंगाएवढी उरली होती. मास्तरांनी उंबऱ्याला दोन्ही हात लावले आणि शरीर वर उचललं. या वयातही त्यांना ते जमलं, याचं त्यांना थोडं बरं वाटलं.

आठवा भाग त्यांनी मांडीवर घेतला. प्लास्टिक नितळ होतं, एक सुरकुती नाही. मास्तरांनी उजव्या अंगठ्याचं नख कडेला लावलं आणि तसेच बसून राहिले. त्यांना फळीवरचे सात डबे दिसत होते, सातांवरचं चकचकीत प्लास्टिक दिसत होतं, आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच त्या प्लास्टिकवर त्यांना आपल्या खोलीचं प्रतिबिंब दिसलं. त्यात कालिंदीबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडदा काळा होता. सातही डब्यांवर त्या तशाच बसल्या होत्या आणि एकातही त्या काही विचारत नव्हत्या.

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी नख ओढलं. प्लास्टिक फाटल्याचा एवढासा आवाज झाला.

आतलं कव्हर त्यांनी ओढून काढलं आणि उलटं केलं. मुलगी खोटं बोलली नव्हती. निळा रंग, वरून खाली उतरणारं नाव, कमान, घर, आणि पिवळ्या उजेडाची खिडकी. कव्हर परत घालून त्यांनी डबा सातव्याला लावून उभा केला. बाहेर नदी आपल्या वळणावर आली. घराच्या भिंती निळसर झाल्या. पायरी, गज आणि हिंगाचा डबा पूर्वीच्या रंगाला आले. उंबऱ्यासमोरून दगडी कमान निघाली आणि थेट सातव्या कमानीपर्यंत गेली.

पण उंची राहिली. आठवी कमान घराच्या उंबऱ्याला धरून निघाली होती, त्यामुळं सातव्या कमानीशी ती पुरुषभर वर येऊन थांबली. खाली कालिंदीबाई मान वर करून उभ्या होत्या. त्यांच्या मागे दूधवाला आणि त्याच्या मागे पेठेतल्या माणसांची रांग लागली होती.

मास्तर कमानीच्या टोकापर्यंत चालत आले. खाली पाहिलं. मग कडेला बसून त्यांनी पाय सोडले आणि उडी मारली.

"अहो, काय हे!" कालिंदीबाईंनी त्यांचा दंड धरला. "लागलं का कुठं?"

"नाही. वाळलीस किती."

"चहावर होते. भात नीट लावत होतात ना?"

"खाली लागत होता."

 मागच्या रांगेनं घाई केली नाही. मग मास्तर कमानीच्या टोकाखाली, घराकडे तोंड करून उभे राहिले. टाचा जुळलेल्या, पोट आत, छाती पुढं, नजर समोर.

"मिक्सरच्या खोक्यावर पाय दे, मग माझ्या गुडघ्यावर, मग खांद्यावर," ते म्हणाले. "आणि वर जा."

"आणि तुम्ही?"

"शिडी नंतर बघू. तू आधी घरात जा. आठवा भाग उघडलाय मी."

कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"उघडलाय?"

"फाडलाय. टीव्हीजवळच ठेवलाय. लाईट जायच्या आत शेवट बघून घे. मग खिडकीत ये आणि मला सांग."

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्हाला कुठं आवडत होती ती मालिका."

"आवडत होती," मास्तर म्हणाले. "मीही तुझ्याशेजारीच बसलो होतो त्या संध्याकाळी."

कालिंदीबाईंनी पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या आणि वर चढल्या. खांद्यावर त्यांचा पाय पडला तेव्हा मास्तर तसूभरही हलले नाहीत. वर पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं, आणि मग इतक्या वर्षांत त्या कधी चालल्या नसतील अशा झपाझप घराकडे गेल्या.

त्यांच्यामागून इतरही जायला लागले. पेठेतून गावात यायला दुसरा रस्ता उरला नव्हता आणि मास्तरांचे खांदे अगदी बरोबर मापाचे होते. "सर, माफ करा हां," असं म्हणत जो तो पाय द्यायचा. मास्तर कोणाला नाही म्हणाले नाहीत. खांदे समपातळीत ठेवायचे आणि श्वास छातीत धरायचा, एवढंच त्यांना करायचं होतं, आणि ते त्यांना चांगलं येत होतं. दिवेलागण झाली. घरातून मालिकेचं सुरुवातीचं संगीत ऐकू आलं. ते त्यांनी नीट ऐकलं आणि त्यांना फार आनंद झाला.

मग पावलांकडून निळा रंग वर चढायला लागला. बूट निळे झाले, विजार निळी झाली. डाव्या कुशीवर अक्षरं उमटत होती आणि ती वरून खाली चालली होती, हे न पाहताही मास्तरांना कळत होतं. रंग गळ्याशी आला तेव्हा अंगाभोवती काहीतरी पातळ, नितळ असं आवळलं गेलं. त्याला एकही सुरकुती नव्हती. ते गळ्यावरून वर सरकलं, कानांवरून गेलं आणि डोक्याच्या वर मिटलं. नदीचा आवाज बंद झाला. संगीतही बंद झालं.

समोर खिडकीत उजेड होता. तिथं कालिंदीबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते, की हसून, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. गज धरून त्या भराभर सांगत होत्या. सगळं सांगत होत्या, हातवारे करून, गोदीचं पहिल्यापासून. मास्तरांना त्यांचे ओठ दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं.

हात मांडीला सरळ चिकटलेले होते. उजव्या अंगठ्याचं नख प्लास्टिकला आतून टेकलेलं होतं. मास्तरांच्या खांद्यांवर त्या वेळी दूधवाला उभा होता, दोन्ही कॅन भरलेले, एक पाय हवेत.